नाव घातलेलं पातेलं, नाव लिहिलेलं पुस्तक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

भांड्यांवर आणि पुस्तकांवर घातलेल्या नावांत माया असते, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : भांड्यावर नाव घालायचे ते शेजारी अडकून राहू नये म्हणून, त्यात माया शोधणं हा रिकामा उद्योग. पुस्तकावर 'सप्रेम भेट' लिहिणं म्हणजे चांगलं पुस्तक खराब करणं. आणि हे सगळं मोलाचं मानायचं, तर सिंहगडावर नावं कोरणाऱ्या पोरांना का बोलायचं? तिन्ही बाबतींत माझं मत वेगळं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नाव ओळखीसाठी घालत, हे अगदी खरं. पण ओळख पटवायची वेळ येते कधी? भांडं घराबाहेर जातं तेव्हा. वाड्यात कुणाकडे मुंज-लग्न निघालं की बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून पातेली, पराती, तांबे गोळा होत. पंगती उठल्या, भांडी घासून झाली, की काठाखालचं नाव वाचून ज्याचं त्याला परत. नाव होतं म्हणून भांडं बिनघोर शेजारी जाई. कुलपातच ठेवायच्या वस्तूवर ते घालायचं कारण नव्हतं. तुम्ही ज्याला निव्वळ व्यवहार म्हणता, तो शेजाऱ्यावरच्या विश्वासावर चालत होता. मला त्या नावांत तोच दिसतो.

जुन्या बाजारातून आणलेलं एक पितळी पातेलं आत्ता माझ्यासमोर आहे. आत कल्हई, बाहेर काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं : 'चि. सौ. कां.', पुढे मुलीचं नाव (खाजगी आहे, म्हणून देत नाही), मग 'हिस मामांकडून' आणि तारीख. कारागिराला जागा पुरलेली नाही, त्यामुळे 'मामांकडून'मधला शेवटचा 'न' खालच्या ओळीत उतरलाय. आज पुण्यात तुळशीबागेत भांडं घेतलं की मशीनने घटकाभरात नाव घालून मिळतं. इथे एकेक टिंब हाताने मारलेलं आहे. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, दारावरच्या पाटीवर नव्हतं. लग्नात तर पुष्कळींचं नावच बदललं. या पातेल्यावर मात्र तिचं माहेरचं नाव आहे, आणि ते कुणी दिलं हेही आहे. वस्तू तिची, हे चारचौघांत सांगायला दुसरा कुठला कागद होता तिच्याकडे? हक्क आणि माया त्या एकाच ओळीत आहेत, त्यांची फाळणी मला तरी करता येत नाही.

आता पुस्तक. वाचनालयाच्या पुस्तकात पानोपानी बॉलपेनने रेघा ओढणाऱ्यांबद्दल तुमच्याइतकाच राग मलाही आहे. पण सुरुवातीच्या कोऱ्या पानावरची नावाची ओळ निराळी. आपल्याकडे पोथी उतरवून झाली की ती उतरवणारा शेवटी पुष्पिका लिहीत असे : कोणी लिहिली, कोणासाठी, कुठे, कोणत्या शकात. सोबत पुष्कळदा एक श्लोक, ज्यात पोथी स्वतःच विनवते की मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत हजारो पोथ्या आहेत, आणि त्यांचा काळ ठरवताना अभ्यासक आधी हीच शेवटची ओळ बघतात. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 ची, हे आपण कशावरून सांगतो? शेवटच्या ओवीवरून. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हेही तिथेच कळतं.

छापील पुस्तकावर साल छापलेलं असतं, पण ती प्रत कुणाच्या घरी गेली हे छापखाना सांगत नाही. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना 'वक्तृत्व स्पर्धा, दुसरा क्रमांक' अशी शाळेच्या शिक्क्याची चिठ्ठी निघाली, की ते पुस्तक एखाद्या मुलाला बक्षीस म्हणून मिळालं होतं एवढं तरी कळतं. तुमच्या मते त्याने किंमत उतरते. रद्दीवाल्याकडे उतरत असेल.

सिंहगडाचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तिथे मी तसूभरही ढळणार नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर' अशी अक्षरं आहेत. गडाचं बांधकाम ज्याच्या देखरेखीखाली झालं त्याचं ते नाव, आणि तेही पायरीवर, लोकांच्या पायाखाली. इथे पुण्यात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळात संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. तोही देऊळ उभारणाऱ्यांनीच घातलेला. किल्लीने बुरुजावर बदाम कोरणाऱ्याने तो बुरुज बांधलेला नसतो, कुणाला दिलेला नसतो, त्याला तो कुणी दिलेलाही नसतो. वस्तूशी ज्याचं काही नातं नाही, त्याने तिच्यावर नाव घालू नये. देवळातल्या पंख्यांवरच्या आणि बाकांवरच्या 'कै. … यांच्या स्मरणार्थ' या पाट्यांनाही मी हीच कसोटी लावतो. पंखा खरंच दिलेला असतो, तेव्हा नाव राहू दे. बाकापेक्षा पाटी मोठी असली, तर ती मलाही खुपते.

शेवटी तुम्ही लिहिलंय की आईच्या लग्नातली भांडी मोडीत घालायला काढली आहेत. भांडी तुमची, निर्णय तुमचा. फक्त त्याआधी प्रत्येक नावावरून पिठाचा हात फिरवा. टिंबांत पीठ बसलं की अक्षरं लागतात. बाजूने तिरका उजेड टाकून फोटो काढा. आणि आई जवळ असतील तर त्यांना विचारून ठेवा, की 'मामांकडून' असेल तर ते कुठले मामा. हे त्यांच्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकणार नाही.