म्युलर म्हणजे मोक्षाचं मूळ नव्हे, पाणचक्कीवाला

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक मेसेज वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ऋग्वेद छापणारे जर्मन पंडित मॅक्स म्युलर यांचं नाव अस्सल संस्कृत आहे. ‘मॅक्स’ म्हणजे ‘मोक्ष’, ‘मूल’ म्हणजे मूळ, आणि मुळाशी जाणारा तो ‘मूलर’. जर्मनी हा ‘शार्मण्य देश’, म्हणजे शर्मांचा देश. म्युलर हे तिथल्या एका वेदाभ्यासी, उच्चकुलीन घराण्याचं नाव, आणि आज जगभर दिसणारे सगळे म्युलर त्याच कुळातले. पुरावा म्हणून शेवटी लिहिलेलं असतं की त्यांनी छापलेल्या ऋग्वेदावर त्यांचंच नाव ‘भट्ट मोक्षमूलर’ असं आहे.

परवा काकांनी मलाच विचारलं, “तू जर्मन शिकलास ना? मग हे खरं का?” काका, सांगतो, पण जरा सविस्तर.

सुरुवात पुराव्यापासूनच करू, कारण मेसेजमधली तेवढी एक गोष्ट खरी आहे. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड १८४९ ते १८७४ या काळात निघाले. त्यांच्या संस्कृत मुखपृष्ठावर संपादकाचं नाव खरोखरच ‘मोक्षमूलर’ असं छापलं आहे. जर्मनीला ते ‘शार्मण्य’ म्हणत आणि ते राहत त्या ऑक्सफर्डला ‘गोतीर्थ’. आता हे तीन शब्द शेजारी ठेवून पाहा. ऑक्सफर्ड म्हणजे बैलांना नदी ओलांडता येते तो उतार, म्हणून गोतीर्थ. इथे अर्थाचं भाषांतर झालं आहे. बाकी दोन शब्दांत नुसता आवाज जुळवलेला आहे. म्युलरचाही अर्थच संस्कृतात न्यायचा असता, तर दळण दळणाऱ्यासाठी काहीतरी शब्द शोधावा लागला असता. मोक्षाचा तिथे संबंध येतोच कुठे?

आणि नाव असं दुसऱ्या भाषेत नेऊन बसवणं ही काही वेदभक्तीची खूण नव्हे. जर्मन पंडितांची ती जुनी सवय आहे. सोळाव्या शतकातल्या श्वार्ट्‌सएर्ट नावाच्या विद्वानाने आपल्या आडनावाचं ग्रीक करून ‘मेलांख्थोन’ असं घेतलं. श्वार्ट्‌सएर्ट म्हणजे काळी माती. जर्मन कवी गटेच्या आईचं माहेरचं आडनाव टेक्स्टोर, म्हणजे साध्या ‘वेबर’चं (विणकराचं) लॅटिन रूप. म्युलरांमधल्या काही घरांनीही ‘मोलिटोर’ असं लॅटिन रूप घेतलं. १४३६ साली जन्मलेला मोठा खगोलशास्त्रज्ञ रेगिओमोंटानुस जन्मनावाने योहानेस म्युलरच. त्याच्या गावाच्या नावाचं, क्योनिग्सबेर्गचं, लॅटिन करून त्याची ओळख तयार झाली. आपल्या म्युलरांनी लॅटिनच्या जागी संस्कृत वापरलं, इतकाच फरक. आपल्याकडच्या जुन्या लिखाणात ‘मोक्षमुल्लर भट’ असं कौतुकाने लिहिलेलं सापडतं. ते कौतुक वावगं नव्हतं. १८९८ साली टिळकांच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जामागे हाच माणूस उभा होता. कौतुक वेगळं आणि व्युत्पत्ती वेगळी, एवढंच.

आता आडनावाचा खरा अर्थ. म्युलर म्हणजे गिरणीवाला. पण विजेच्या पट्ट्यावरची आपली पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणू नका; औरंगाबादची पाणचक्की आणा. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरायचं आणि चाकाच्या जोरावर दगड. हे तंत्र जर्मन मुलखात रोमन लोकांबरोबर आलं, आणि शब्दही त्यांच्याच सोबत आला. लॅटिनमध्ये ‘मोला’ म्हणजे जात्याचा दगड, ‘मोलिना’ म्हणजे गिरणी, तिच्यावरचा माणूस ‘मोलिनारिउस’. जुन्या जर्मनमध्ये त्याचं ‘मुलिनारी’ झालं आणि झिजत झिजत ‘म्युलर’. ही वाट शतकाशतकाच्या कागदांत लिहिलेली आहे. त्यात मूळ, मुळाक्षर, मूलाधार असं काहीही येत नाही. ‘मूल’ आणि ‘म्युल’ कानाला सारखे लागतात म्हणून नातं जोडायचं, तर मुळा नदीलाही जर्मन ठरवता येईल.

उच्चकुलीन घराण्याबद्दल. इथे मेसेज नेमका उलटा आहे. गिरणी बहुधा जमीनदाराची किंवा मठाची असे, आणि आसपासच्या शेतकऱ्यांना तिथेच दळण न्यावं लागे, दुसरीकडे जायची मुभा नसे. दळणावळ पैशांत नाही, धान्यातच कापून घेतली जाई. मग काय होणार? माप कमी भरलं, पीठ हलकं आलं, असा संशय कायम गिरणीवाल्यावर. काही भागांत तर त्याची गणना कमी प्रतिष्ठेच्या धंद्यांत होई आणि त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघांत प्रवेश नाकारला जाई. हे थांबवा, असं १५४८ आणि १५७७ मध्ये जर्मन मुलखावरच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या फर्मानांतून सांगावं लागलं. त्या फर्मानांतल्या याद्यांत गिरणीवाल्यांच्या शेजारी कोण आहेत? विणकर, मेंढपाळ, न्हावी, पिपाणी वाजवणारे. वेदाभ्यासी घराणं शोधायला ही जागा अवघडच.

आडनाव वाचून कूळ आणि प्रतिष्ठा ठरवायची ही सवय आपली आहे, ती तिकडे लावली की असा घोटाळा होतो. जर्मन मुलखात साधारण बाराव्या शतकापर्यंत एकच नाव पुरायचं. शहरं वाढली, एका गल्लीत चार योहानेस झाले, करांच्या याद्या आणि खरेदीखतं लिहायची वेळ आली, तेव्हा धंदा, गाव, बापाचं नाव किंवा अंगलट यांवरून दुसरं नाव जोडलं जाऊ लागलं. आधी दक्षिणेत आणि ऱ्हाईनकाठी, मग उत्तरेकडे. उत्तर किनाऱ्यावरच्या फ्रिसियात तर १८११ साली नेपोलियनच्या हुकुमानंतर लोकांना कायमची आडनावं घ्यावी लागली. नाव एकदा चिकटलं की धंदा सुटला तरी ते राहतं. मॅक्स म्युलर यांच्याच घरात बघा: त्यांचे आजोबा देसाऊ गावात शिंपी होते! त्यांचे वडील विल्हेल्म कवी. बर्लिनमध्ये एका घरगुती नाट्यखेळात केवळ आडनावामुळे त्यांच्या वाट्याला गिरणीवाल्याची भूमिका आली, आणि त्यातून गिरणीवाल्याच्या मुलीवर जीव जडलेल्या पोराची कवितामाला जन्मली. संगीतकार शूबर्टने तिला १८२३ मध्ये चाली दिल्या. मॅक्स जन्मले तेही त्याच वर्षी.

सगळे म्युलर एका कुळातले? महाराष्ट्रातले सगळे जोशी एका घरातले आहेत का? जर्मनीत या आडनावाची माणसं साधारण ७ लाख आहेत, देशात पहिला क्रमांक. स्वित्झर्लंडमध्येही पहिला. ऑस्ट्रियात मात्र तो मान ग्रुबरचा, म्हणजे खोलगट जागी राहणाऱ्याचा. संख्या इतकी का, याचं कारण गमतीचं आहे. शेतकरी गावात सगळेच असत, त्यामुळे ‘शेतकरी योहानेस’ म्हणून कोणी ओळखू येत नसे. गिरणीवाला गावात एकच, म्हणून ते नाव ओळख पटवायला उपयोगी. आणि गिरणी जवळपास प्रत्येक खोऱ्यात होती. अशी शेकडो गावांत हे आडनाव स्वतंत्रपणे उगवलं. उत्तरेत त्याचं म्योलर झालं, दक्षिणेत कुठे मिलर, आणि अमेरिकेत उतरलेले कितीतरी म्युलरही मिलर होऊन गेले. दुसऱ्या क्रमांकावरच्या श्मिटची, म्हणजे लोहाराची, माणसं श्मिट, श्मिड, श्मिट्‌स अशा लिखाणांत वाटली गेली आहेत, हेही क्रमवारी बघताना ध्यानात ठेवा. फुटबॉलपटू गेर्ड म्युलर आणि थोमास म्युलर दोघेही बायर्न म्युनिककडून खेळले, पण नात्यातले नाहीत. आणि ‘लीसशेन म्युलर’ हा तिकडे चारचौघींसारख्या बाईसाठीचा शब्दप्रयोग आहे.

‘म्युलर घराण्याचं राजचिन्ह’ म्हणून मेसेजसोबत चित्र येतं, त्याबद्दल दोनच वाक्यं. चिन्ह एखाद्या ठरावीक वंशाचं असतं, आडनावाचं नसतं. बाकी सगळं मग चिनीमातीच्या कपांवर छापून विकायला.

शार्मण्यबद्दल. जर्मन लोक स्वतःच्या देशाला जर्मनी म्हणतच नाहीत. ते म्हणतात डॉइचलांट, आणि ‘डॉइच’ हा शब्द ‘लोकांची (भाषा)’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दातून आला. ‘गेर्मानिया’ हे रोमन लोकांनी दिलेलं नाव, सीझरच्या लिखाणातही आहे. मूळ मालकच जे नाव वापरत नाहीत, त्यात शर्मांनी आपली वस्ती कधी केली?

राहिला ‘मॅक्स’, म्हणजे मेसेजमधला मोक्ष. म्युलर हे आडनाव इतकं सरसकट होतं की गर्दीत हरवायला नको म्हणून पुढे त्यांनी ‘मॅक्स’ हे नाव आडनावालाच जोडून टाकलं. मुलगा ब्रिटनचा राजदूत झाला, तोही मॅक्स म्युलर याच जोडआडनावाने. आणि हा मॅक्स कुठला? संगीतकार कार्ल मारिया फोन वेबर हे मॅक्स म्युलर यांचे धर्मपिता. वेबरांचा १८२१ मध्ये बर्लिनला रंगमंचावर आलेला ऑपेरा तेव्हा गाजत होता, आणि त्याच्या नायकाचं नाव बाळाला दिलं गेलं. त्या नायकाचा, मॅक्सचा, नेम सारखा चुकत असतो, म्हणून तो मंतरलेल्या गोळ्या मिळवायला रात्री दरीत उतरतो. काका, तुमचा मोक्ष म्हणजे हा शिकारी.