तुमचे हार्मोन्स बिघडलेलेच आहेत

दुपारी चारला जांभया येतात? कंगव्यात चार केस जास्त दिसतात? नवऱ्याने 'काय झालं?' विचारलं की अंगावर धावून जावंसं वाटतं, आणि नाही विचारलं तर जास्तच? बाई, हे हार्मोन्स आहेत. पूर्वी यालाच अपुरी झोप, घरची आणि दारची अशी दुहेरी पाळी आणि खुद्द नवरा अशी निरनिराळी नावं होती. आता एका नावात काम भागतं, आणि मुख्य म्हणजे एका बाटलीत.

आधी फोनवरची ती दहा प्रश्नांची चाचणी सोडवून टाका. निकालाची धाकधूक नको, तिथे कुणालाच रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. मी एकदा मुद्दाम सगळी उत्तरं ठणठणीत बाईची दिली. झोप गाढ, पाळी वेळेवर, वजन जागच्या जागी. निकाल आला, 'छुपा असमतोल'. दिसतच नाही म्हणजे किती खोल मुरला असेल, विचार करा.

नेमका कोणता हार्मोन बिघडलाय, हे मात्र चुकूनही विचारू नका. शरीरात पन्नासच्या वर हार्मोन्स आहेत, इन्शुलिन त्यातलंच, थायरॉईडचेही त्यातलेच. बाटलीवर 'स्त्रियांचा हार्मोन बॅलन्स' एवढं लिहिलं की सगळे आले. शाळेत यांना संप्रेरक म्हणायचे. तो शब्द आपण टाकून दिला ते बरंच झालं, त्यात 'प्रेरक' उगाच डोळ्यांत खुपतो. 'हार्मोन' तरी कुठे शांत शब्द आहे म्हणा! अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये तो वापरात आणला, ग्रीकमधल्या 'चेतवणे, गती देणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून. नावातच धावपळ. इस्ट्रोजेन पाळीच्या दिवसांत तळाला असतं, बीज सुटायच्या जरा आधी कित्येक पटींनी उसळतं, पडतं, पुन्हा चढतं. प्रोजेस्टेरॉन महिन्याचा पहिला अर्धा भाग जवळजवळ फिरकतच नाही आणि बीज सुटलं की पाहुण्यासारखं ऐसपैस बसतं. ताणाचा हार्मोन म्हणवणारं कॉर्टिसॉल रोज सकाळी वर, मध्यरात्री खाली. या सगळ्यांना एका रेषेत उभं करायचं, याचं नाव समतोल. ते खरोखर उभे राहिले तर पाळीच थांबेल, पण ते पुढचं पुढे बघू.

रक्त तपासायचंच असेल तर सगळे हार्मोन्स एकदम तपासा, आणि सवड मिळेल त्या दिवशी. प्रोजेस्टेरॉन बीज सुटल्यावर साधारण आठवड्याने, म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात २१ व्या दिवसाच्या आसपास मोजायचं असतं, असले नखरे डॉक्टरांना करू द्यात. पाळीच्या पाचव्या दिवशी मोजलंत तर आकडा हमखास तळाला सापडेल, आणि आपल्याला तेच तर हवंय. पंचेचाळिशी उलटली असेल तर एफएसएच, म्हणजे बीजकोशाला कामाला लावणारा हार्मोन, दर महिन्याला तपासा. पाळी जायच्या सुमारास तो आज वर तर उद्या खाली असतो, म्हणून या वयात डॉक्टर बहुधा रक्त न काढताच निदान करतात. अंगातून वाफा येतात का, रात्री घामाने उठता का, पाळी किती लांबते, एवढंच विचारतात. सुईसुद्धा टोचत नाहीत! असल्या निदानावर कोण विश्वास ठेवणार?

गोळी मात्र नैसर्गिकच हवी. वाइल्ड यॅम नावाच्या रानकंदाचं मलम घ्या. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन तयार केलं, ही गोष्ट अगदी खरी. कंदात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यावर प्रयोगशाळेत एकामागून एक प्रक्रिया केल्या की प्रोजेस्टेरॉन मिळतं. माणसाच्या शरीराला त्या प्रक्रिया येत नाहीत. तरी तुम्ही श्रद्धेने चोळत राहा, कधीतरी मांडीची प्रयोगशाळा होईलच. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या गोळ्यांनी मन शांत होतं म्हणतात. गर्भनिरोधक गोळीचा असर त्यांनी कमी होतो, पण घरात पाळणा हलायला लागला की मनःशांतीचा प्रश्न तसाही उरत नाही. डीएचईए तर फारच गुणी. ते स्वतःच हार्मोन आहे आणि शरीरात त्याचं टेस्टोस्टेरॉनही बनतं. हनुवटीवर चार केस उगवले की समजा, गोळी लागू पडली.

डॉक्टरांनी रजोनिवृत्तीसाठी हार्मोन्स सुचवले तर? दोन्ही कानांवर हात ठेवा. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास धोके दिसले म्हणून मध्येच थांबवला होता, एवढंच लक्षात ठेवायचं. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, स्तनाच्या कर्करोगाची वाढ वर्षाला दहा हजार बायकांमागे आठ एवढी होती, पुढे साठीच्या आतल्या निरोगी बायकांचा हिशेब बराच वेगळा निघाला, हे कुणी सांगायला लागलं की विषय बदला. ज्याचे धोके मोजून लिहून ठेवलेत ते औषध भयंकर. ज्याचे कुणी मोजलेच नाहीत ते निर्धोक. साधं गणित आहे.

आता केसांकडे वळू, कारण खरा खेळ तिथे आहे. केसांच्या गोळीत बायोटिन असतं. शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, तुम्ही १०,००० ची घ्या. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे काळजी नाही. फक्त जाण्याआधी ते रक्तात फिरतं, आणि हार्मोन्सच्या बऱ्याच तपासण्यांच्या रसायनांत बायोटिनच वापरलेलं असतं. तुमचं आणि त्यांचं बायोटिन तिथे एकमेकांत मिसळतं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, खोटाच खाली दिसतो, आणि टी-फोर, म्हणजे थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन, खोटाच वर. म्हणजे थायरॉईड मंद असलेली बाई कागदावर भलतीच जोरात पळायला लागते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. ती तुम्ही वाचली नाहीत हे उत्तम.

कारण आता डॉक्टर विचारतील, 'बाकी काही घेता का?' तुम्ही ठामपणे 'नाही' म्हणा. खोटं कुठे आहे त्यात? औषध नाही ते, केसांसाठी आहे. रिपोर्ट बघून डॉक्टर तुमची थायरॉईडची गोळी निम्मी करतील. दोन महिन्यांत थकवा वाढेल, अंग जड होईल आणि केस पुंजक्याने हातात यायला लागतील. घाबरू नका. ती दहा प्रश्नांची चाचणी पुन्हा उघडा, या वेळी सगळी उत्तरं खरी द्या, आणि बायोटिनची मोठी बाटली मागवा.