चाळीस पट झूम सोडून चार पटवाला कशाला? परभणीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत आभार मानून हातावेगळं करावं असं ते पत्र नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. गेल्या आठवड्यात मी कॅननच्या दोन छोट्या कॅमेऱ्यांची तुलना लिहिली होती, चार पट झूमवाला जी७ एक्स मार्क थ्री आणि ४० पटवाला एसएक्स७४० एचएस. दोन्ही खिशात मावतात, दोन्हींचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, दोन्हींत एकच एनबी-१३एल बॅटरी. शेवटी मी लिहिलं होतं, "डोळे झाकून जी७ घ्या." त्यावर परभणी जिल्ह्यातल्या या दादांनी चार गोष्टी विचारल्या. दोन्ही २० मेगापिक्सेलचे, मग एकाला दुप्पट पैसे का? एकाला ४० पट झूम असताना चार पटवाला चांगला कसा? तुम्ही अजिंठ्याच्या लेण्यांतले फोटो दाखवता, आम्हाला जायकवाडीच्या नाथसागरावरचे पक्षी आणि लेकीच्या शाळेचं गॅदरिंग काढायचं आहे, त्याचं काय? आणि शेवटी, कंपनीनं तुम्हाला काही दिलं का?

शेवटचं आधी सांगते. कोणी काही दिलेलं नाही. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे आहेत, यातला कुठला खपला तरी पैसा तिकडंच जातो. जी७ लातूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून चार दिवसांसाठी मागून आणला होता, एसएक्स माझ्या भाच्याचा आहे. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. पैसे घेऊन लिहिणारे असतात आणि वाचणाऱ्यानं विचारलंच पाहिजे.

आता मेगापिक्सेल. इथं मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. जी७ मधला सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चकती, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढा. एसएक्समधला ६.१७ बाय ४.५५, तुरीच्या दाण्याहून जरासा मोठा. (पहिल्याला "एक इंची" म्हणतात, पण त्यात इंच कुठंच नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून ते नाव चालत आलंय. दुकानदारही फसतात.) क्षेत्रफळ काढलं तर चौपट फरक पडतो. तुम्ही शेती करता म्हणून असं सांगते: चार एकरांत जेवढी कपाशीची रोपं लावली, तेवढीच एका एकरात दाटीनं लावली. मोजायला गेलं तर रोपं सारखीच. बोंडं सारखी लागतील का? २० मेगापिक्सेल म्हणजे फक्त रोपांची मोजणी.

त्यात भिंगाचाही फरक आहे. झूम न करता जी७ चं भिंग एफ १.८ पर्यंत उघडतं, एसएक्सचं एफ ३.३ पर्यंत. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो, आणि हिशोब वर्गाचा असतो. ३.३ ला १.८ नं भागून वर्ग केला की ३.३६ येतात. सेन्सरचे ४.१४ आणि हे ३.३६ गुणले की फोटोला मिळणारा एकूण उजेड जवळपास चौदा पट. भर दुपारी अंगणात हा फरक जाणवत नाही, कारण तिथं उजेड दोघांनाही पुरून उरतो. घरात पाऊल टाकलं की लगेच जाणवतो.

अजिंठ्याचं उदाहरण तुम्हाला परकं वाटलं, ते मला समजलं. तिथं फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उजेड अगदी मंद असतो, म्हणून मी ते निवडलं होतं. पण वर्षातून एकदा जायच्या जागेवरून रोजचा कॅमेरा ठरवायचा नसतो, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून लेखात न घातलेला फोटो आता सांगते.

आमचं अंबाजोगाई तालुक्यातलं घर माळवदाचं आहे. स्वयंपाकघरात एक झरोका आणि चुलीचा जाळ, एवढाच उजेड. सासूबाई काठवटीत ज्वारीची भाकरी थापत होत्या. मी समोर पाटावर बसून आधी एका कॅमेऱ्यानं, मग दुसऱ्यानं फोटो घेतला, दोन्ही ऑटोवर. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळवायची पातळी, दोघांनीही ३२०० धरला. एसएक्सची धाव तिथंच संपते. जी७ ला त्यावर फोटो टिपायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरला, एसएक्सला तिसावा भाग लागला. नंतर दोन्ही मोठ्या स्क्रीनवर उघडले. एसएक्सच्या फोटोत थापणारा तळहात म्हणजे पिठाचा पांढरा धूर, आणि मनगटावरचं गोंदण म्हणजे निळसर हिरवा डाग. कॅमेरा दाणेदारपणा पुसायला गेला आणि कातडीसकट सगळं सारवून टाकलं. जी७ च्या फोटोत गोंदणाचे ठिपके मोजता येत होते. भाकरीच्या कडेला बोटांचे ठसे होते, करंगळीजवळ पीठ फाटलेलं होतं तेही दिसत होतं. सासूबाईंनी तो फोटो बघितला आणि म्हणाल्या, "हे गोंदण माझ्या आईनं जत्रेत काढून दिलं होतं." चाळीस वर्षांत हे त्या मला पहिल्यांदा बोलल्या. "डोळे झाकून" हे शब्द माझ्या हातून लिहिले गेले ते या फोटोमुळं.

आणि तिथंच माझं चुकलं. माझे फोटो घरातले, देवळातले, पहाटेच्या काकड्याचे. माणूस माझ्यापासून दोन हातांवर असतो. तुमचे पक्षी दोन हातांवर येणार नाहीत.

नाथसागराचंच बघा. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, चक्रवाक असतात, आणि जवळ जायला गेलं की उठतात. समजा रोहित १०० मीटरवर उभा आहे. जी७ पूर्ण झूम केला तरी त्याच्या चौकटीत ३६ मीटर रुंदीचा काठ येतो. त्यात सव्वा मीटरचा पक्षी म्हणजे उंचीला जेमतेम २०० ठिपके, म्हणजे पिक्सेल. एसएक्स पूर्ण ताणला की चौकटीत पावणेचार मीटरचाच भाग येतो आणि पक्षी जवळपास अर्धी चौकट भरतो. जी७ चा फोटो कापून तेवढाच भाग ठेवायचा म्हटलं तर २० मेगापिक्सेलमधले, म्हणजे दोन कोटी ठिपक्यांतले सव्वादोन लाखही उरत नाहीत. मग मोठा सेन्सर कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. इथं तुम्ही बरोबर आहात आणि माझा लेख अर्धवट होता. पक्षी हेच तुमचं पहिलं काम असेल तर एसएक्स घ्या.

फक्त एक जपा. ४० पट झूमच्या टोकाला भिंग एफ ६.९ वर येतं, म्हणजे उजेड फारच कमी. त्यामुळं कोवळं ऊन पडेपर्यंत थांबावं लागतं. उन्हं वर आली की पाण्यावर आणि काळ्या रानावर हवा थरथरायला लागते, झूम त्या झळाही तेवढ्याच मोठ्या करतो, आणि कितीही स्थिर धरला तरी पक्षी पाण्याखाली असल्यासारखा हलतो. मधला तास-दीड तासच कामाचा. कॅमेऱ्यातली स्थिरतेची सोय आपल्या हाताची थरथर सांभाळते, पक्ष्यानं मान वळवली तर तिचं काही चालत नाही. खोक्यावर ऑप्टिकल झूमपेक्षा मोठा आकडा दिसला तर तो डिजिटल असतो, म्हणजे फोटो कापून मोठा केलेला. तो घरीही करता येतो.

तुम्ही जाता जाता विचारलंत, "उन्हात स्क्रीन दिसते का?" हा प्रश्न माझ्या लेखात असायला हवा होता. उत्तर आहे, नाही. दोन्हींना डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मागची स्क्रीन काळी पाटी होते, आणि उडणारा पक्षी ४० पट झूममध्ये स्क्रीनवर शोधणं म्हणजे नुसता अंदाज. म्हणून तिसरं नाव सुचवते: सोनीचा एचएक्स९९. सेन्सर एसएक्सएवढाच लहान, झूम ३० पट, पण वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर आहे आणि रॉ फाइलही (कॅमेऱ्यानं न पुसलेला कच्चा फोटो) मिळते, जी एसएक्समध्ये नाही. कुठं मिळाला तर डोळा लावून बघा. पक्ष्यांसाठी मी दहा पट झूम सोडून व्ह्यूफाइंडर घेईन.

धुळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या भागात हे सांगितलंच पाहिजे. अशा कॅमेऱ्यांचं भिंग चालू करताना बाहेर येतं, बंद करताना आत जातं, लोहाराच्या भात्यासारखं. दर वेळी थोडी हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर फुफाटा. भिंग काढता येत नसल्यानं आतला सेन्सर आपल्याला पुसता येत नाही. माझा पहिला छोटा कॅमेरा असाच गेला. मळणीच्या दिवसांत रानात नेला, कौतुकानं दहा वेळा चालू-बंद केला. महिनाभरानं प्रत्येक फोटोत आभाळात एकाच जागी करडा ठिपका. दुरुस्तीवाल्यानं उघडायचे सांगितलेले पैसे ऐकून मी तो तसाच परत आणला, अजून कपाटात आहे. झूम जितका लांब तितक्या नळ्या जास्त, म्हणून एसएक्स घेतलात तर जास्त जपा. प्लॅस्टिकच्या चेनच्या पिशवीत ठेवा, वारं सुटलं असताना काढू नका. जुना घेणार असाल तर आधी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, भिंगाचा एफचा आकडा सगळ्यात मोठा ठेवून आणि झूम लांब करून. धूळ असेल तर लगेच दिसते.

बॅटरीचं फार लिहीत नाही. कंपनीच्या मोजणीनं जी७ मध्ये २३५ फोटो, एसएक्समध्ये २६५. दोन्हींनाही जास्तीची एक लागतेच, आणि वीज जायची असेल त्या दिवशी दोन.

राहिलं गॅदरिंग, आणि तेच सगळ्यात अवघड. पक्षी लांब असतो पण उजेडात असतो. भाकरी अंधारात असते पण जवळ असते. स्टेजवरची लेक लांबही असते आणि अंधारातही, वर नाचत असते. शेवटच्या रांगेतून, ४० मीटरवरून, एसएक्सनं झूम करून ती चौकटीत मोठी येईल. पण झूम वाढेल तसं भिंग अंधारत जाईल आणि तिच्या हातापायांची चुलीपुढच्या तळहातासारखी गत होईल. तिथून जी७ नं काढलंत तर ती स्पष्ट येईल पण चौकटीच्या आठव्या भागाएवढीच उंच. आठ मीटरवर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या रांगेत आलात तर जी७ चा पूर्ण झूम जवळपास तीन मीटर रुंदीचा भाग धरतो, सव्वा मीटरची लेक अर्ध्याहून जास्त चौकट भरते, आणि भिंग तेव्हाही एफ २.८ वर असतं. एसएक्सच्या टोकाच्या ६.९ शी तुलना केली तर सहा पट उजेड.

म्हणजे यात कॅमेऱ्याआधी तुमची खुर्ची कुठं आहे ते बघावं लागेल. आपल्याकडच्या शाळांत पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या असतात आणि पालक मागं, कडेला, बाकावर उभे. पण आदल्या दिवशी रंगीत तालीम असते. तोच पोशाख, तेच दिवे, गर्दी नाही. बाईंना विचारून बघा, पालकाला स्टेजजवळ उभं राहू देतात का. देत असतील तर जी७ घ्या आणि पक्ष्यांसाठी भाच्याचा एसएक्स माझ्याकडून दोन दिवस न्या, मी त्याला सांगून ठेवते. देत नसतील तर एसएक्स किंवा एचएक्स९९ घ्या, पक्षी मनासारखे येतील. गॅदरिंगला मात्र नाच संपून मुली नमस्कारासाठी थांबतात तेवढ्याच क्षणी काढा, तेव्हा हात हलत नाहीत.

लेखातलं "डोळे झाकून" मी आज काढलं आहे आणि तिथं तुमच्या प्रश्नासकट रोहितांचा हिशोब घातला आहे. दुकानात जाल तेव्हा स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा, दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा दोन्हींनी एकेक फोटो काढा आणि घरी येऊन मोठा करून बघा. तालमीचं काय ठरलं ते कळवा.