‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सलाम.

रोज सकाळी उठल्याबरोबर उपकारस्तुती करावी, म्हणजे देवाचे आभार मानावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुमचे प्रश्न दोन ओळींत आटपणारे नाहीत.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुमच्या मिस्टरांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, डायलिसिस सुरू होतं. चर्चच्या मंडळीने उपास धरले, घरी येऊन प्रार्थना केल्या. तरी ते गेले. मग भेटायला आलेल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, ‘कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.’ तुमच्या मते, आमच्यासारख्यांचे लेख वाचूनच लोकांच्या तोंडी ही भाषा येते. चांगलं झालं की देवाची कृपा आणि वाईट झालं की आपला विश्वास उणा, हा कुठला हिशोब? देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं का? उपकारस्तुती हा ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय त्यांचा छंद आहे, असंही तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी विचारलंत, ‘मी आता नक्की कशाबद्दल आभार मानू?’

त्या प्रश्नाकडे शेवटी येतो. आधी त्या बाईंचं वाक्य, कारण ते मलाही गिळवत नाही.

ते शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठेही नाही. आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सलणारं दुखणं, जावं म्हणून प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवलं. काटा गेला नाही. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं, तर पौलाने त्याला ‘विश्वास वाढव’ असं लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घेत जा म्हणून लिहिलं. त्रफिम या सोबत्याला तर मिलेत शहरात आजारी ठेवूनच तो पुढे गेला. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरं करायला आजाऱ्यांवर घालत होते, त्याच पौलाच्या या गोष्टी. मग कमी विश्वास कुणाचा होता म्हणायचं? उलट, आजारी मुलाला घेऊन आलेला एक बाप येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासालाही तुम्हीच हात द्या. त्याचं पोरगं बरं होतं. अर्धामुर्धा विश्वास तिथे चालून गेला.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती का, हा प्रश्न येशूने स्वतःच काढला आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून सांगितलं. ‘पश्चात्ताप करा’ असंही तो म्हणाला, पण ते समोर ऐकत उभ्या असलेल्यांना. भेटायला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय एकदा उघडावा.

म्हणजे तो हिशोब तुम्हाला पटत नाही तसा मलाही पटत नाही. उपकारस्तुतीविषयी लिहिलेलं मात्र मी मागे घेणार नाही. ती सुखवस्तू माणसांचा छंद आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे पौलाने लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता. पण पौल जरा लांबचा झाला. मी उपकारस्तुती जिथे शिकलो ते सांगतो.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी हंगामाच्या सणाला लोक शेतातलं काही ना काही घेऊन येतात. बाजरीची कणसं, तुरीच्या शेंगा, दुधी, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की लिलाव होतो. कोंबडी घेणारा ती पुन्हा अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, आणि एकच कोंबडी दुपारपर्यंत तीन-चार घरांची होऊन येते. पैसे मंडळीला मिळतात आणि हशाही पिकतो. 2018 साली मात्र पाऊस दगा देऊन गेला होता. वेदीसमोर नावापुरत्या चार पिशव्या होत्या. पाळकसाहेबांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला प्रार्थनेला उठवलं. ते टोपी काढून हातात चुरगाळत म्हणाले, ‘बापा, औंदा तू आमची लई परवड केली. कपाशी गेली, कडबा न्हाई, बैल बाजारात गेलं. तुला ठावं असंल, तरी सांगतो. अन् तरी आलोय, दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊ? ह्या मूठभर शेंगा घे. आमेन.’

त्या शेंगांवर त्या दिवशीची सगळ्यात मोठी बोली लागली, हे जाता जाता.

ताई, ती प्रार्थना म्हणजे तक्रार होती की आभार? मला तर दोन्ही एकाच श्वासात ऐकू आले. परक्या माणसापुढे आपण गोड बोलतो. ‘माझी परवड केलीस’ हे हक्काच्याच माणसाला सुनावता येतं. तक्रारीची मुभा नसेल तर आभाराचं तोंडपुजेपण व्हायला वेळ लागत नाही. बेथानीत काय झालं पाहा. येशूचा मित्र लाजर मेल्यावर त्याची बहीण मार्था येशूला वाटेतच गाठते आणि म्हणते, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया येते, तिच्या तोंडीही तेच. म्हणजे घरात चार दिवस बहिणी हेच बोलत असणार. बरं, तक्रार खोटीही नव्हती. आजाराचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच थांबला होता. मार्थेशी तो पुनरुत्थानाचं बोलला, पण तक्रार केली म्हणून दटावलं नाही. मरीयेसमोर तर तो रडला.

हातावर हात ठेवण्याचं म्हणाल, तर पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात तान्ही मनोरमा. पुढे ख्रिस्ताला शरण आल्यावर या बाईंनी देवावर भरवसा ठेवला म्हणजे काय केलं? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी आणि विधवा शोधून आणल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर विहिरी खोदून घेतल्या, शेती, विणकाम, छापखाना उभा केला. पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी इस्पितळातल्या गैरकारभाराबद्दल वर्तमानपत्रात उघड लिहिलं. 1921 मध्ये एकुलती एक मनोरमाही गेली. हिब्रू-ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हाती होतं. ते पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्यांनी डोळे मिटले. मनोरमेच्या वेळी रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मिरजेला 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉ. वानलेसही प्रार्थना करणारेच होते. तुम्ही मिस्टरांना डायलिसिसला नेत होतात, रिपोर्ट सांभाळत होतात, हाच तुमचा भरवसा होता. मंडळीत देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उठून ‘मी गोळ्या फेकून दिल्या’ असं सांगणाऱ्यांच्या हातात माईक देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काही पाळकमंडळी यावर रागावतात. रागावू देत.

आता, कशाबद्दल आभार मानायचे? मिस्टरांच्या मरणाबद्दल माना, असं मी म्हणणार नाही. शास्त्र मरणाला शेवटला शत्रू म्हणतं. शत्रूचे आभार कुणी मानत नाही. त्यांच्यासोबतच्या वर्षांबद्दल कधीतरी मानावेसे वाटतील, तेव्हा माना. आज जमत नसेल तर नका मानू. बायबलातलं 88वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी आभाराची एक ओळही नाही, तरी ते देवाच्या लोकांच्या गायनात राहिलं आहे. मंडळीत जाणं सोडलंय असं तुम्ही लिहिलंत. ‘या’ असा आग्रह मी करत नाही. कधी गेलातच तर मागच्या बाकावर बसा. गीताला तोंड उघडलं नाही तरी चालतं, बाकीचे गातात.

एक राहिलं. तुमची प्रतिक्रिया काढून टाकावी, नव्या विश्वासणाऱ्यांना अडखळण होईल, असं काही वाचकांनी मला कळवलं आहे. ती राहणार. आणि तिच्याखाली ‘प्रभूची योजना असते ताई’ वगैरे लिहायला निघालेल्यांनी बायबलातल्या दुःखग्रस्त ईयोबाच्या मित्रांची आठवण ठेवावी. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोवर ठीक चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. काही लिहायचंच असेल तर पेन्शनचे कागद, बँकेतलं नाव बदलणं, संध्याकाळचा डबा यात ताईंना कुणाची मदत हवी आहे का, ते विचारा. तसली प्रतिक्रिया मी आल्याबरोबर प्रसिद्ध करीन.