घाडगेंचं 'भान हरपलं' होतं?

नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची (ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाची) गोष्ट बहुतेकदा अशी फिरते: साथीदार पडलेले पाहून त्यांचं भान हरपलं, गोळ्या संपल्या, मग रिकाम्या बंदुकीनं त्यांनी शत्रूला ठेचलं आणि त्या झटापटीतच प्राण सोडला. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं, ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ३री बटालियन, हे ठीक. बाकीचं तपासायला हवं.

"गोळ्या संपल्या." पदकाचं मानपत्र सांगतं की मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बदलायला वेळ नव्हता. त्यांच्या हातात टॉमीगन, म्हणजे सलग गोळ्या झाडणारी हलकी बंदूक; तिच्या मॅगझिनमध्ये २० किंवा ३० गोळ्या. घोडा दाबून धरला तर जेमतेम तीन सेकंदांत खलास. मग खटका दाबून रिकामं मॅगझिन उपसायचं, पाउचमधलं भरलेलं काढायचं, खाचेत सरकवून पक्कं बसवायचं. सरावलेल्या हातालाही काही सेकंद लागतातच, आणि समोर हाताच्या अंतरावर दोन जर्मन जिवंत होते. म्हणून नळी धरून दस्ता चालवला. पाचेक किलोची बंदूक, लाकडी दस्ता. त्या क्षणी हातात याहून झटपट चालणारं हत्यार नव्हतं.

"भान हरपलं." मग क्रम पाहा. आधी ग्रेनेड: त्यानं मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी. मग गोळी: मशीनगनच्या चमूतला आणखी एक. दस्ता सगळ्यात शेवटी. सेक्शनमधले (त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीतले) बाकी सगळे ठार किंवा जखमी, म्हणजे ब्रेनगननं (हलक्या मशीनगननं) शत्रूला दाबून ठेवायचं आणि बाकीच्यांनी बगलेवरून शिरायचं ही नेहमीची रीत उरलीच नव्हती. इतक्या जवळून मशीनगन चालू असताना पडून राहणंही धोक्याचंच. ग्रेनेडच्या स्फोटानंतर जी काही क्षणांची शांतता मिळते, तेवढ्यात अंतर तोडावं लागतं. बेभान माणसाला हे जमत नाही.

याच रेजिमेंटच्या १ल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. हाताला जखम झाली, टॉमीगन चालवता येईना, तर ती फेकून ग्रेनेड घेतले. तेही संपत आल्यावर बांधाच्या माथ्यावर रांगत जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून आणखी आणले. यालाही संतापाचा झटका म्हणायचं?

"झटापटीत प्राण सोडला." हेही नाही. मशीनगनचं ठाणं घाडगेंनी एकट्यानं जिंकलं होतं. प्राणघातक गोळ्या नंतर लागल्या, स्नायपरच्या. ठाणं घेतल्यावर लगेच आडोसा धरून मॅगझिन भरायचं असतं आणि तोवर दुसऱ्या कुणी राखण करायची असते. त्यांच्यामागे राखण करायला उभा राहील असा एकही माणूस उरला नव्हता.