‘वीस मीटर चाललात की विषय संपला’ म्हणे!

आमच्या वहिनींनी पिपच्या, म्हणजे अपंगत्वासाठीच्या सरकारी भत्त्याच्या, निर्णयाला आव्हान द्यायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. का, असं विचारलं तर त्यांनी फोनच पुढे केला. फोनवर एक फॉरवर्ड. इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, तीन-चार मराठी ग्रुपांवरून फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आलेला. ‘अनुभवी माणसाचा सल्ला’ असं वर ठळक अक्षरांत. खाली त्या अनुभवी माणसाचं नाव नाही, तारीख नाही, फक्त जोडलेले हात आणि ‘सर्व ग्रुपवर पाठवा’. वहिनींना सांधे वाकवणारा संधिवात आहे. निर्णयाच्या पत्रात चालण्याला ४ गुण आहेत, म्हणून मोबिलिटीचा, म्हणजे हिंडण्याफिरण्यासाठीचा, भाग नाही. आव्हान द्यायची मुदत एक महिन्याची, आणि पत्र खणात पडून.

सल्ला थोडक्यात असा. वीस मीटर चालता येत असेल तर मोबिलिटी मिळतच नाही. तपासणीच्या दिवशी औषध घेऊ नका, म्हणजे खरं दुखणं दिसेल. आव्हान दिलंत तर आहे तेही काढून घेतात. अपिलाला वकील लागतो, हजारो पौंड जातात. मनाच्या आजाराला मोबिलिटी नसते. आणि शेवटी, आव्हान दिल्याची नोंद होते आणि सिटिझनशिप अडकते.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी: पिप म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट. २०१३ पासून जुन्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सच्या जागी आलेला भत्ता. त्याचे दोन भाग, रोजचं जगणं आणि मोबिलिटी. उत्पन्न, बचत, नोकरी काही बघत नाहीत. मोबिलिटीत ८ गुण झाले तर स्टँडर्ड दर, १२ झाले तर एन्हान्स्ड, म्हणजे वरचा. २०२५-२६ चे आकडे आठवड्याला २९.२० आणि ७७.०५ पौंड होते.

आता वीस मीटर. हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं मान्य करतो. जुन्या भत्त्यात व्यवहारात ५० मीटरच्या आसपास रेघ धरली जायची, पिपमध्ये वरच्या दरासाठी ती २० वर आणली आणि त्यावरून इथे बराच गदारोळ झाला. पण ‘वरच्या दरासाठी’ हे दोन शब्द फॉरवर्डवाल्याने खाल्ले. नियमांतला तक्ता सरळ आहे. २० मीटरच्या आतच थांबावं लागतं, तर १२ गुण. २० च्या पुढे पण ५० पर्यंत, तर कशाचाही आधार न घेता ८ आणि काठी किंवा तत्सम साधन घेऊन १०. ५० च्या पुढे २०० पर्यंत ४. म्हणजे वीस मीटर, जवळजवळ क्रिकेटच्या खेळपट्टीएवढं अंतर, ओलांडणाऱ्यालाही स्टँडर्ड दर मिळू शकतो.

पण खरी गोम तक्त्यात नाहीच. ती २०१३ च्या पिप रेग्युलेशन्समधल्या चौथ्या नियमात आहे, उपनियम २ए. हा एक उपनियम वाचला असता तर तो फॉरवर्ड लिहिलाच गेला नसता. तो म्हणतो, एखादी गोष्ट तुम्हाला ‘येते’ असं केव्हा धरायचं? सुरक्षितपणे येत असेल, स्वीकारता येईल अशा रीतीने येत असेल, जितक्या वेळा करावी लागणं साहजिक आहे तितक्या वेळा पुन्हा पुन्हा येत असेल, आणि वाजवी वेळेत येत असेल, तेव्हाच. वाजवी वेळ म्हणजे किती तेही लिहिलंय: तुमचं दुखणं नसलेल्या माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीपर्यंत. त्याहून जास्त लागला तर ते चालणं मोजायचं नाही. जोडीला सातवा नियम आहे. एखाद्या चांगल्या दिवसावरून ठरवायचं नाही, निम्म्याहून जास्त दिवस काय स्थिती असते ते बघायचं.

हे वहिनींना लावून बघा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत त्या जातात, अंतर साठ-सत्तर मीटर. जातात म्हणजे, मध्ये दोनदा थांबून, दुकानाबाहेरच्या कठड्यावर बराच वेळ बसून, आणि परतल्यावर त्या दिवशी पुन्हा उंबरठा ओलांडत नाहीत. ‘दुकानापर्यंत जाता का?’ ‘हो, जाते.’ झाले ४ गुण. त्यात आपल्या लोकांना एक खोड आहे. समोर कुणी परकं माणूस ‘कसं काय?’ म्हणालं की कंबर मोडलेली असली तरी ‘बरंय’ म्हणायचं. घरात दिवसभर ‘आई गं’ चाललेलं असतं, तपासणीच्या फोनवर मात्र ‘मॅनेज करते मी’. मग अहवालात ‘मॅनेजेस’ येतं, आणि त्यात अहवाल लिहिणाऱ्याची तरी काय चूक? विचारायला हवं ते हे, की न थांबता, फार वेदना न होता, दिवसातून गरज पडेल तेवढ्या वेळा त्या किती अंतर जाऊ शकतात. ते अंतर साठ मीटर नक्कीच नाही. आव्हानाच्या पत्रात हेच लिहायचं असतं. ‘मला फार त्रास होतो’ हे वाक्य कुणाच्या उपयोगाचं नाही. कुठून कुठे, किती वेळा थांबून, नंतर किती वेळ आडवं पडावं लागतं, हे उपयोगाचं.

औषध न घेण्याचा सल्ला वाचून मात्र डोकं फिरलं. संधिवाताची कितीतरी माणसं वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात. त्या अचानक बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर त्या टप्प्याटप्प्याने कमी करतात ते काही गंमत म्हणून नाही. फिट येणाऱ्याने किंवा मधुमेह्याने हा सल्ला पाळला तर काय होईल? आणि एवढं करून मिळणार काय? निम्म्याहून जास्त दिवसांची स्थिती बघायची असते, म्हणजे तुम्ही नेहमी औषधं घेत असाल तर औषधं घेतल्यानंतरची स्थिती. एका दिवसाचं नाटक त्यात बसतच नाही. उलट ‘ठरलेली सगळी औषधं घेऊनही मला एवढंच चालता येतं’ हे वाक्य जास्त वजनदार, आणि त्याला जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, नोंदींचा आधारही मिळतो. हा सल्ला ज्याने लिहिला त्याने निदान पुढे पाठवण्याआधी एखाद्या फार्मसिस्टला विचारायचं.

‘आहे तेही काढून घेतात.’ नाइलाजाने म्हणावं लागतं की हे साफ खोटं नाही. फेरविचारात काय किंवा अपील ऐकणाऱ्या ट्रायब्युनलपुढे काय, पूर्ण निर्णय उघडता येतो, आणि गुण कमीही होऊ शकतात. तुमच्या रोजच्या जगण्याच्या भागातले गुण काठावरचे असतील तर आधी सिटिझन्स ॲडव्हाइससारख्या फुकट सल्ला देणाऱ्या ठिकाणी कागद दाखवावेत हे खरं. पण ट्रायब्युनलला कपातीची शक्यता वाटली तर ते सहसा आधी तसं सांगतं आणि अपील मागे घ्यायची संधी देतं. शिवाय वहिनींसारख्यांच्या हातात मोबिलिटीचे पैसे शून्यच आहेत. त्या भागातून काय काढून घेणार?

पहिली पायरी, म्हणजे ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’ नावाचा फेरविचार, बहुतेकांच्या बाबतीत काहीच बदलत नाही. लोक तिथेच दमतात आणि सोडून देतात. तिथे सोडायचं नाही. तिचं उत्तर आल्यापासून महिनाभरात स्वतंत्र ट्रायब्युनलकडे अपील करता येतं, आणि गेल्या काही वर्षांत सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिप अपिलांपैकी सुमारे दोन तृतीयांश अर्जदाराच्या बाजूने गेली आहेत. तिथे एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेली एक व्यक्ती असते. फी शून्य. वकील लागत नाही. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर फॉर्मवरच दुभाषा मागता येतो, त्याचेही पैसे नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा: ट्रायब्युनल निर्णयाच्या तारखेची स्थिती बघतं. त्यानंतर गुडघा आणखी बिघडला असेल तर तो मुद्दा तिथे चालत नाही.

मनाच्या आजाराचं म्हणाल तर हा मुद्दा लिहिणारा २०१७ मध्ये अडकलाय. त्या वर्षी सरकारने खरंच तसा नियम केला होता, की मानसिक त्रासामुळे प्रवास जमत नसेल तर त्याचे वरचे गुण द्यायचे नाहीत. डिसेंबरमध्ये हायकोर्टाने तो उघडउघड भेदभाव करणारा ठरवून रद्द केला. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने अपील न करण्याचं ठरवलं आणि सुमारे १६ लाख प्रकरणं पुन्हा तपासायला घेतली. आज घराबाहेर पडण्याच्या नुसत्या कल्पनेने ज्याला इतकी धास्ती बसते की कुठलाच प्रवास होत नाही, त्याला १० गुण आहेत, आणि ओळखीच्या रस्त्यावरही सोबत लागते त्याला १२.

राहिली सिटिझनशिप. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असा शिक्का असेल तर पिप मागूच नये, ते पब्लिक फंडातच मोडतं आणि तिथे अडचण खरी आहे. पण वहिनींकडे बारा वर्षांपासून आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, आहे. हक्क असलेला भत्ता मागणं किंवा त्याच्या निर्णयावर अपील करणं हा गुन्हा नव्हे, आणि त्यावरून नागरिकत्व अडत नाही. भारतातून आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी मात्र वेगळं सांगायला हवं. स्टेट पेन्शनचं वय उलटल्यावर पिपसाठी नवा अर्ज करता येत नाही. तिथे अटेंडन्स अलाउन्स असतो आणि त्यात मोबिलिटीचा भाग नाही. याबद्दल फॉरवर्डमध्ये अक्षर नाही.

स्कॉटलंडमधल्यांनी तर तो फॉरवर्ड सरळ डिलीट करावा. तिथे पिपच्या जागी अॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे, फेरनिर्णय मागायला ४२ दिवस मिळतात, आणि चालू असलेला भत्ता कमी झाला असेल तर वाद मिटेपर्यंत तात्पुरती मदत मागता येते. इंग्लंड-वेल्समध्ये फेरविचार मागायचा तो महिना निर्णयाच्या पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, आणि तो चुकला तर उशिराचं सबळ कारण देऊन १३ महिन्यांपर्यंत फेरविचार मागता येतो. त्याआधी फोन करून तपासणीच्या अहवालाची प्रत मागवा. फुकट मिळते, आणि ‘दुकानापर्यंत जातात’ हे वाक्य कुठे कसं लिहिलंय ते त्यातच सापडतं.