बोट दाखवा, कुणाकडे मात्र नको

अभिनंदन! मतदार जागृतीच्या लघुपटाचं काम शेवटी तुम्हालाच मिळालं. लांबी तीन मिनिटं, मुदत आठ दिवस आणि बिल मार्चएंडनंतर देव जागा होईल तेव्हा. मी असल्या पटकथांच्या जिलब्या बरीच वर्षं पाडतोय, तेव्हा अनुभवाचे दोन शब्द ऐका. नाही ऐकलेत तरी बिघडत नाही, तिसऱ्या प्रिव्ह्यूला साहेब तेच सांगतात.

सुरुवात आळशी माणसापासून करा. मतदानाची सुट्टी लागली की हा बॅग भरून लोणावळ्याला निघालेला असतो आणि 'माझ्या एका मतानं काय फरक पडणार?' हे वाक्य त्याला पाठ असतं. त्याला एक सोशिक बायको, एक चुणचुणीत मुलगी आणि शेजारी काठीवाले आजोबा द्या. आजोबांचं धोतर नवं कोरं असलं तरी चालेल, कुणी बघत नाही. 'बाबा, मग आम्हाला नागरिकशास्त्र कशाला शिकवतात?' असं मुलीनं विचारलं की बाबा खजील होतात आणि गाडी वळवतात. संपलं. अख्ख्या फिल्ममध्ये खलनायक हा एवढाच. रस्त्याचं, पाण्याचं, गटाराचं जे काय वाटोळं झालं ते या लोणावळेवाल्यामुळेच झालं, हे प्रेक्षकाला पटलं पाहिजे.

हे जुनं झालं म्हणाल, तर जुनंच आहे, पण घराणं चांगलं आहे. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीआधी मताधिकार आणि मतदाराची कर्तव्यं समजावणारा माहितीपट देशातल्या तीन हजारांहून जास्त थिएटरांत दाखवला होता. मतदार 17 कोटींच्या वर, बहुतेकांना अक्षरओळख नाही, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढच्या अडचणी खऱ्या होत्या. सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढ्यावर भागवलं. तेव्हा शिकवण्यासारखं काहीतरी होतं. आजच्या मतदाराला सगळं ठाऊक असतं, पाकिटाचा दरसुद्धा. म्हणून आपण त्याला शिकवत नाही, फक्त लाज आणतो.

1948 मध्ये सरकारी माहितीपट काढणारं फिल्म्स डिव्हिजन निघालं आणि मुख्य पिक्चरच्या आधी त्यांची रिळं दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं झालं. 'अजून डॉक्युमेंटरीच चालू आहे ना?' असं डोअरकीपरला विचारून लोक निवांत वडा खाऊन यायचे. देशाला घडवण्यात त्या वड्याचा वाटा किती, हे कुणी मोजलं नाही. 2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झालं, पण निवेदकाचा तो भारदस्त, वरून खाली येणारा आवाज आपण जपून ठेवला आहे. तुम्हीही तोच घ्या.

संदर्भ म्हणून विजया मुळे यांची 1974 मधली 'एक अनेक और एकता' जरूर बघा. चिमण्या जाळ्यात सापडतात, एकदम उडतात, जाळं घेऊन जातात. आमची अख्खी पिढी दूरदर्शनपुढे तिच्यावर वाढली. पण बघून झाल्यावर विसरा, कारण त्या फिल्ममध्ये एक घोडचूक आहे. तिच्यात शिकारी दाखवलाय. आजच्या फिल्ममध्ये शिकारी चालत नाही, साहेब लगेच विचारतील, 'हा कोण? कुणासारखा दिसतोय?' आजच्या चिमण्या आपल्याच निष्काळजीपणामुळे जाळ्यात सापडतात आणि आजोबा त्यांना जागरूक करतात.

आता खरी मेहनत. फ्रेममध्ये कुठल्याही पक्षाच्या चिन्हासारखं काही दिसता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही एका शाळेत शूटिंग लावलं होतं, मतदान केंद्र म्हणून. वर्गात भिंतीवर घड्याळ. उतरवलं. मग सकाळचे सात वाजलेत हे कसं दाखवायचं? कोंबडा आणला. खिडकीतून सायकल दिसत होती, कॅमेरामननं हलवायला लावली. 'साहेब, हे चिन्ह उत्तर प्रदेशातलं,' मी म्हटलं. 'फिल्म यूट्यूबवर जाणार आहे,' साहेब म्हणाले. कोपऱ्यातला झाडू गेला. फळ्यावर मुलांनी काढलेलं कमळ पुसलं, शेजारचा पतंगही पुसला. मशाल, तुतारी, धनुष्यबाण आणि रेल्वे इंजिन वर्गात नव्हतं म्हणून वाचलो. आजोबा कपबशीतून चहा पीत होते, तर कुणाला तरी आठवलं की कपबशी अपक्षांना मिळते. काचेचा ग्लास दिला. तो आंध्रात एका पक्षाचा निघाला. शेवटी आजोबांनी चहा सोडला. 2012 साली उत्तर प्रदेशात उद्यानांतले दगडी हत्ती झाकले होते, तेव्हा मी हसलो होतो. आता हसत नाही.

सगळ्यात मोठी अडचण हाताची. माणसाला हात असतो आणि तो पक्षचिन्ह आहे. मतदार हसत हसत बाहेर येतो आणि सवयीनं टाटा करतो. कट! पंजा उघडायचा नाही. चार बोटं घट्ट मिटून एकच वर. तेही डाव्या हाताची तर्जनी, कारण शाई तिथंच लागते. आमच्या नटीच्या डाव्या हातावर बहिणीच्या लग्नातली कोपरापर्यंत मेंदी होती, म्हणून असिस्टंटनं उजव्या बोटाला शाई लावली. एडिटवर शॉट उलटा करून वेळ मारून नेली. मग मागच्या पाटीवरचं 'मतदान केंद्र' आरशातल्यासारखं दिसायला लागलं. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही, त्यांनी फक्त संगीत थोडं वाढवायला सांगितलं. खरी शाई अर्थात मिळत नाही, ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून थेट आयोगाकडे जाते. आयब्रो पेन्सिल वापरा. दुपारच्या उन्हात ती ओघळते, पण लोकशाहीच्या क्लोजअपला थोडा घाम चांगला दिसतो.

शाई लागली की फिल्म संपवा. त्यापुढचं एक सेकंदही दाखवू नका. मी एकदा हा नियम मोडला आणि एका महापालिकेसाठी 'तुमचा नगरसेवक, तुमचा सेवक' असं लिहून बसलो. शूटिंगच्या दिवशी कळलं की नगरसेवकच नाहीत. राज्यभर तीच तऱ्हा. मुंबईची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान उजाडलं 15 जानेवारी 2026 ला. मधल्या जवळजवळ चार वर्षांत प्रशासक. त्या काळात मतदार लोणावळ्याला गेला नव्हता हो, मतदानच लोणावळ्याला गेलं होतं. आम्ही एक माजी नगरसेवक उभा केला आणि निवेदनातून 'माजी' काढला. बिचारा इतका खूष झाला की त्यानं युनिटला मिसळपाव खाऊ घातला.

गावाची फिल्म असेल तर ग्रामसभा हवीच. वर्षाला किमान चार, गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यांतलं जे कमी ते. शंभर ज्युनिअर आर्टिस्ट बोलवा, फेटे भाड्यानं मिळतात. फक्त एक गोष्ट निवेदनात घालू नका, ती म्हणजे गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की पुढच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणून तर जाणकार सरपंच पहिल्या सभेची दवंडी हळू आवाजात देतो.

आता एक घरची गोष्ट, ही पटकथेत घेऊ नका. आमचे बाबा 2017 मध्ये गेले. मयत मतदाराचं नाव वगळायला नमुना 7 भरायचा असतो, हे मला तोंडपाठ आहे, कारण 'नमुना 7 भरा, यादी शुद्ध ठेवा' ही ओळ माझीच. मी दोनदा भरला. तरी दर निवडणुकीला बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या बाई, चार जिने चढून मतदान केंद्राच्या तीन चिठ्ठ्या घेऊन येतात. शाळेत शिक्षिका आहेत, पेपर तपासायचे तसेच टाकून आलेल्या असतात. 'सर, मी वर कळवलंय हो,' म्हणतात, पाणी पितात आणि जातात. आई बाबांची चिठ्ठी त्यांच्या फोटोच्या फ्रेममागं खोचून ठेवते. जानेवारीत मी म्हटलं, ही तरी फाडून टाकू.

'राहू दे,' ती म्हणाली, 'खोली नंबर चारमध्ये बोलावलंय त्यांना.'

फ्रेममागं आता पाच झाल्यात. फोटो थोडा पुढं झुकलाय.